राजाच्या पायाचे दुखणे

तुतनखामुन इजिप्तच्या गादीवर बसला तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. इसवी सनापूर्वी १३३२ च्या सुमाराची ही गोष्ट. वडील बहुधा राजा अखेनातेन. त्यांनी जुने देव बाजूला सारून एकट्या सूर्यबिंबाची पूजा सुरू केली होती. पोराच्या काळात दरबाऱ्यांनी जुने देव परत आणले आणि तुतनखातेनचा तुतनखामुन झाला. त्याचे लग्न सावत्र बहिणीशी लागले. त्याच्या कबरीत दोन मृत अर्भकांचे देह सापडले, ती बहुधा त्याचीच अपत्ये. एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास तो स्वतःही गेला.

१९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना त्याची कबर सापडली. सोन्याच्या मुखवट्याचे जगभर कौतुक झाले, देहाचे मात्र हाल झाले. अंत्यविधीत ओतलेल्या राळेमुळे ममी शवपेटीला घट्ट चिकटली होती. नोव्हेंबर १९२५ मध्ये शरीररचनातज्ज्ञ डग्लस डेरी आणि डॉ. सालेह हमदी यांनी ती तपासली. सोडवताना तापवलेल्या सुऱ्या वापराव्या लागल्या. डोके आणि हातपाय वेगळे झाले. शेवटी सारे अवयव वाळूच्या तबकात जुळवून ठेवले. डेरी यांनी हाडांच्या वाढीवरून सांगितलेले वय मात्र आजही मान्य आहे.

१९६८ च्या एक्स-रेमध्ये कवटीत हाडाचे तुकडे दिसले आणि खुनाच्या कथा रंगल्या. २००५ च्या सीटी स्कॅनने त्या निकालात काढल्या. डोक्यावर घाव नव्हता. डावे मांडीचे हाड मात्र मोडलेले होते. २००७ मध्ये देह हवामान-नियंत्रित काचपेटीत हलवला, कारण पर्यटकांच्या श्वासातला ओलावा त्याला बाधत होता.

खरी माहिती २०१० मध्ये डीएनए तपासणीतून आली. त्याचे आईवडील सख्खे भाऊबहीण होते. शरीरात फॅल्सिपेरम मलेरियाच्या खुणा होत्या. डाव्या पावलातली हाडे रक्तपुरवठ्याअभावी मेली होती. कबरीत ठेवलेल्या सुमारे १३० काठ्या केवळ राजेपणाच्या खुणा नसाव्यात.

मलेरियाचा मुलूख, तरुण वय आणि मेलेले हाड हे एकत्र दिसले की आमगाव, सालेकसा, देवरी भागातल्या कुणाही डॉक्टरला सिकलसेल आठवेल. जर्मनीतील दोन संशोधकांनी त्याच वर्षी तीच शंका मांडली. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि पुढचे हाड उपाशी मरते. एकच सदोष जनुक असलेल्या वाहकाला मात्र मलेरियाचा तीव्र तडाखा कमी बसतो. म्हणूनच मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. जवळच्या नात्यात लग्न झाले की दोघेही वाहक निघण्याचा संभव वाढतो.

राजाच्या बाबतीत हा तर्क आहे, निदान नव्हे. आपल्याकडे मात्र तर्कावर थांबायचे कारण नाही. वारंवार सांधे दुखणारे, खुब्यात कळ येऊन लंगडणारे पोर वाताचे म्हणून घरी ठेवू नये. सरकारी दवाखान्यात रक्ताच्या थेंबावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. वाहक की आजारी, हे त्यातूनच कळते. लग्न ठरवताना दोन्ही घरांनी ही तपासणी आधी करून घ्यावी.