गुलाबाचा काटा आणि तारामासा

दुखानच्या समुद्रावर एका शुक्रवारी लेकीला तारामासा सापडला. बाबा, हा मासा नसतोच मुळी, असं तिनेच मला सुनावलं. मला मात्र इल्या मेचनिकॉव्ह आठवला.

मेचनिकॉव्हचा जन्म १८४५चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकोव्हजवळचा. प्राणिशास्त्रात अतिशय हुशार, पण मनाने फार हळवा. पहिली बायको ल्युडमिला १८७३ मध्ये क्षयाने गेली, तेव्हा त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. पुढे दुसरी बायको ओल्गा विषमज्वराने अंथरुणाला खिळली. ती बरी झाली, पण त्या सुमारास याने तापाच्या रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. तरी वाचला.

१८८२ मध्ये ओडेसा विद्यापीठातल्या राजकारणाला विटून त्याने नोकरी सोडली आणि सिसिलीतल्या मेसिनाला बिऱ्हाड नेलं. एकदा घरचे सगळे सर्कशीला गेले, हा एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी बसला. समोर तारामाशाचं इवलंसं पिल्लू, अगदी काचेसारखं पारदर्शक. आत काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या. त्याच्या मनात आलं, या पेशी घुसखोरालाही अडवत असतील का? बागेत जाऊन गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांना टोचले. (चालू सिस्टिममध्ये मुद्दाम एरर घालून बघण्यातलाच हा प्रकार!) रात्रभर झोप नाही. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा!

तारामाशाला आपल्यासारखं रक्त नसतं. पण आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हेच काम करतात, असं त्याने मांडलं. जंतू गिळणाऱ्या या भक्षक पेशी. जर्मन शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं वाद घातला. त्यांच्या मते खरं संरक्षण पेशी नव्हे, रक्तातला द्रव करतो. शेवटी दोन्ही खरं निघालं आणि १९०८चं नोबेल मेचनिकॉव्ह आणि पॉल एर्लिख यांना विभागून मिळालं. म्हातारपणी तो दह्याचा मोठा भक्त झाला, हे आपल्या आज्यांना आवडलं असतं! १९१६ मध्ये पॅरिसला वारला.

त्याचाच ओडेसाचा विद्यार्थी म्हणजे वाल्देमार हाफकिन. १८९६च्या प्लेगात मुंबईत येऊन त्याने लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नावाची.

मेचनिकॉव्हचा तो प्रयोग आज खऱ्याखुऱ्या माशावर होतो. झेब्रा फिश हा आपल्या गंगेच्या खोऱ्यातला, फिशटँकमध्ये हमखास दिसणारा पट्ट्यापट्ट्यांचा मासा. त्याचं पिल्लूही पारदर्शक. अंडं फळल्यावर दीड दिवसात आत रक्त वाहताना दिसतं. शेपटीला बारीकशी जखम केली की पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, आणि ते जिवंतपणीच बघता येतं.

लेकीला हे सगळं सांगेपर्यंत तिने तारामासा पाण्यात सोडूनही दिला होता. गुलाबाचा काटा आणायला दुखानमध्ये जायचं कुठे, एवढंच तिने विचारलं.