डायक्स्ट्रा आणि झाडूवाला

एड्सगर डायक्स्ट्रा हे सन १९३० सालीं हॉलंडांत रॉटरडॅम येथें जन्मले. सन १९५७ सालीं विवाहनोंदींत त्यांनीं आपला धंदा प्रोग्रॅमर असा लिहिला. पण असा धंदाच अधिकाऱ्यांस मान्य होईना!

संगणकाची स्मृति मर्यादित असते. म्हणून काम सरलेल्या वस्तूची जागा मोकळी करून दुसरीस देतात. परंतु प्रोग्रॅमचा एखादा भाग जुना पत्ता धरून तेथें गेला, तर तो परक्याचा माल आपला समजून वापरतो आणि घोटाळा होतो. यास्तव जिचा पत्ता कोणाजवळहि उरला नाहीं, तीच वस्तु हलविणारा एक झाडूवाला प्रोग्रॅम नेमितात. मुख्य काम न थांबवितां त्यानें झाडावें, ही युक्ति डायक्स्ट्रा व चार सहकारी यांनीं सन १९७८ सालीं प्रसिद्ध केली. अडचण अशी कीं, शोध चालू असतांच पत्ते बदलतात आणि जिवंत वस्तु टाकाऊ भासते. सिद्धतेचा एवढा आग्रह धरणारे हे गृहस्थ. पण आठवडेच्या आठवडे निर्दोष वाटलेलीं त्यांचीं उत्तरें सिद्धता करूं जातां सदोष ठरलीं, व ही फजिती त्यांनीं त्याच निबंधांत नमूद केली. सन १९७२ च्या ट्युरिंग पारितोषिकाहून आम्हांस ही कबुली मोठी वाटते.

सन २००२ सालीं हॉलंडांतच, न्यूनेन येथें, ते वारले.