मिसर देशाची राणी हातशेपसूत

पेसाखला हागादा वाचताना आपण दरवर्षी फारोचं नाव घेतो. पण फारोच्या गादीवर एक बाईही बसली होती, हे मला कळलं ते इथे अमेरिकेत आल्यावर, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये तिचे पुतळे पाहिले तेव्हा.

तिचं नाव हातशेपसूत. वडील थुतमोस पहिला, आई अहमोस. राजघराण्याच्या रीतीप्रमाणे तिचं लग्न सावत्र भावाशी, थुतमोस दुसऱ्याशी झालं. त्यांना नेफेरुरे ही मुलगी झाली. नवरा लवकर वारला. गादीचा वारस म्हणजे सवतीचा मुलगा थुतमोस तिसरा, पण तो अगदी लहान होता. इ.स. पूर्व १४७९ च्या सुमारास हातशेपसूत त्याच्या नावाने कारभार पाहू लागली आणि सातव्या वर्षापर्यंत तिने स्वतःच राजमुकुट घातला. बऱ्याच पुतळ्यांत ती राजासारखी खोटी दाढी लावलेली दिसते.

वीस वर्षांच्या राज्यात तिने लढायांपेक्षा व्यापार आणि बांधकाम जास्त केलं. दूरच्या पुंट देशाला पाच जहाजं पाठवून गंधरसाची ३१ झाडं मुळांसकट टोपल्यांतून आणवली. दैर अल-बहरीला डोंगराच्या पायथ्याशी मोठं देऊळ बांधलं. कर्नाकला तिने उभारलेला, एकाच दगडाचा सुमारे २९ मीटर उंच स्तंभ आजही उभा आहे.

ती गेल्यावर वीसेक वर्षांनी थुतमोस तिसऱ्याने तिचं नाव भिंतींवरून खरवडून काढायला लावलं. पुतळे फोडून खड्ड्यांत टाकले. १९२० च्या दशकात म्युझियमचे हर्बर्ट विनलॉक यांनी ते तुकडे खणून काढले. काही तुकडे आधीच बर्लिनला गेले होते, तेही जुळवले. मी पाहिले ते हेच पुतळे.

मी जन्मभर नर्सचं काम केलं, म्हणून पुढची गोष्ट मला फार लागली. १९०३ साली हॉवर्ड कार्टर यांना एका लहानशा कबरीत दोन बायकांची प्रेतं सापडली. एक होती राणीला दूध पाजणारी दाई, सित्रे-इन. दुसरीचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. २००७ साली राणीच्या नावाच्या एका पेटीत दाढ मिळाली. ती त्या बाईच्या जबड्यातल्या रिकाम्या जागी बसते, म्हणून तीच हातशेपसूत असं जाहीर झालं. सगळ्या तज्ज्ञांना ते पटलेलं नाही. पण त्या बाईचं वय पन्नासच्या आसपास होतं, अंग स्थूल, दात किडलेले आणि बहुधा मधुमेहही होता. अशा किती पेशंट मी पाहिल्या! राणी झाली तरी शरीर आपल्यासारखंच.

वॉर्डात आम्ही औषध देण्याआधी मनगटावरच्या पट्टीवरचं नाव वाचायचो. नाव चुकलं तर सगळंच चुकलं. माझ्या कपाटात आईच्या वेळचे फोटो आहेत. कितीतरी चेहरे आता मला ओळखू येत नाहीत, आणि विचारायला कोणी उरलं नाही. इथे कोणी ती नावं खरवडली नाहीत, आम्ही लिहायचीच राहिलो.

तुम्ही तसं करू नका. फोटोच्या मागे नाव, आडनाव आणि कोकणातलं गाव आजच लिहून ठेवा.