कार्ल कोलर : जागा बधीर करणारा डॉक्टर

पेसमेकर म्हटलं की इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची कॉलर लगेच ताठ होते. बॅटरी, सर्किट, पल्स, सगळं आपल्या सिलॅबसमधलं! पण समजा, आगरदांड्याच्या एखाद्या आजोबांना मुंबईत पेसमेकर बसवला आणि ते एसटीचे धक्के खात घरी निघाले. त्यांना आपल्या सर्किटचं काय कौतुक? कॉलरबोनखाली कातडी कापून पेसमेकरसाठी जो कप्पा केलेला असतो, तो ठणकतोय.

हे ऑपरेशन बहुधा पेशंट जागा असतानाच होतं. लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन तेवढीच जागा बधीर करतात. पण हे औषध तास-दोन तासांत उतरतं. म्हणून काही डॉक्टर टाके घालण्याआधी जखमेत ब्युपिव्हाकेनसारखं जास्त टिकणारं औषध भरतात, किंवा छातीच्या नसांपाशी ते देतात. पहिले काही तास निभावतात, गुंगी आणणारी औषधं कमी लागतात. डोस मात्र मोजूनच, कारण रक्तात जास्त गेलं तर ते हृदयालाच दगा देतं. नसेतला सिग्नल सोडियम आत शिरल्यावर पुढे सरकतो आणि हे औषध सोडियमची वाटच अडवतं. म्हणजे वायर शाबूत, सिग्नल बंद!

या सगळ्याची सुरुवात कार्ल कोलरने केली. जन्म १८५७, बोहेमियातला. व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर, खिसा आपल्यासारखाच रिकामा. त्याला डोळ्यांचा सर्जन व्हायचं होतं. त्या काळी ईथरची भूल दिली की पेशंट शुद्धीवर येताना ओकायचा आणि नुकत्याच ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर ताण यायचा. त्यामुळे नुसता डोळा बधीर करणारं काहीतरी कोलर शोधत होता. मॉर्फिन वगैरे वापरून झालं, जमलं नाही.

त्याच हॉस्पिटलातला त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड (हो, मानसशास्त्रवाला तोच!) तेव्हा कोकेनचा अभ्यास करत होता. कोकेनने जीभ बधीर होते हे अनेकांना माहीत होतं. कोलरच्या डोक्यात मात्र ट्यूब पेटली. १८८४ मध्ये, फ्रॉइड आपल्या वाग्दत्त वधूला भेटायला गेलेला असताना, त्याने बेडकाच्या डोळ्यात कोकेनचे थेंब टाकले. सुई टोचली तरी बेडूक ढिम्म. मग ससा, कुत्रा आणि शेवटी स्वतःचा डोळा! टाचणीचं डोकं बुबुळावर दाबलं तरी दुखलं नाही.

१५ सप्टेंबर १८८४ ला हायडेलबर्गच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला, पण कोलर तिथे नव्हता. जायला पैसेच नव्हते, निबंध दुसऱ्या डॉक्टरने वाचला. काही आठवड्यांत जगभर ऑपरेशनं सुरू झाली.

आणि याला काय मिळालं? जानेवारी १८८५ मध्ये एका सहकाऱ्याने ज्यू म्हणून शिवी दिली. कोलरने त्याला मारलं, प्रकरण तलवारींच्या द्वंद्वापर्यंत गेलं. कोलर जिंकला, पण व्हिएन्नात हवी ती जागा काही मिळाली नाही. आधी हॉलंड, मग १८८८ मध्ये न्यूयॉर्क. तिथे त्याने उरलेलं आयुष्य डोळे तपासण्यात घालवलं. नोबेल मिळालं नाही. माझ्या मते हा अन्यायच.

कोकेन व्यसन लावणारं निघालं, म्हणून पर्यायांचा शोध चालू राहिला. लिग्नोकेन १९४३ मध्ये स्टॉकहोमला तयार झालं आणि १९४८ मध्ये बाजारात आलं. कोलर १९४४ च्या मार्चमध्येच न्यूयॉर्कला वारला होता.