आचार्य श्रीनागदेव : परहृदयाची जाण

मनुष्यजन्म दुर्लभ, हे आपण नित्य ऐकतो. परंतु त्या जन्माचे सार्थक कशात, हा प्रश्न खरा उभा राहतो तो जीवनाचा आधार दृष्टीआड झाल्यावर. आद्य आचार्य श्रीनागदेव ऊर्फ भटोबास यांच्या चरित्रात हा प्रसंग इ. स. १२७४ च्या सुमारास आला. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले आणि भक्तजन पोरके झाले.

भटोबासांचे दुःख थोर होते. तथापि ते दुःख कवटाळून बसले नाहीत. ऋद्धिपुरास जाऊन ते श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. स्वामींच्या लीळांचे मनन हाच त्यांचा एकांतातील विसावा होता. म्हाइंभटांनी त्या लीळा मागितल्या, तेव्हा भटोबासांनी तो ठेवा आपल्यापाशी राखला नाही. त्यातूनच इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र साकारले. एकाच्या विरहातील आधार सर्वांचा आधार झाला.

श्रीप्रभूंच्या पश्चात मार्गाची धुरा भटोबासांवर आली. त्यांच्याभोवती शास्त्रसंपन्न पंडित होते, तशाच अक्षरओळख नसलेल्या वृद्ध स्त्रियाही होत्या. रत्नमाला हे संस्कृत स्तोत्र रचणारे केशोबास हे त्या पंडितांतील अग्रणी. स्मृतिस्थळात आठवण आहे की, संस्कृतात प्रश्न आला असता भटोबासांनी तो मराठीत विचारावयास सांगितले. कारण स्वामींनी त्यांना मराठीतच निरूपण केले होते. पुढे केशोबासांची संस्कृत ग्रंथरचना पाहून त्यांनी त्यांना थांबविले. असे झाल्यास स्वामींचा सामान्य परिवार वंचित होईल, ही त्यांची चिंता होती.

येथे थोडे थांबून विचार करावा. केशोबासांचा हेतू अशुद्ध नव्हता. ती रचना भक्तीतूनच उपजली होती. संस्कृतामुळे विद्वत्सभेत मार्गाची प्रतिष्ठाही वाढली असती. दुर्जनाला नकार देणे सोपे असते. प्रिय शिष्याच्या सद्हेतूला नकार देणे कठीण. भटोबासांनी ते केले, कारण सभेत मागे बसलेल्या, प्रश्न विचारण्यासही संकोचणाऱ्या जीवाच्या ठिकाणी त्यांनी स्वतःस उभे करून पाहिले. केशोबासांनीही गुर्वाज्ञा मानली. सूत्रपाठ आजही मराठीत आहे, आणि तो त्याच केशोबासांनी संकलित केलेला आहे.

त्याच परिवारातील महदाइसा ही भटोबासांची चुलत बहीण. प्रश्न विचारून विचारून तिने ज्ञान मिळविले, धवळे रचले, आणि भटोबासांनी तिला धर्माची रक्षक मानले. ज्यांना जग केवळ म्हाताऱ्या म्हणते, त्यांच्यात धर्माचे रक्षण करणारे सामर्थ्य असते, हे ओळखण्यास आपल्यापलीकडे पाहणारी दृष्टी लागते.

आपण निरूपण करणाऱ्यांनी हे चरित्र विशेषेकरून आठवावे. निरूपण संपल्यावर किती जणांनी वाहवा केली, हे मोजू नये; कोण रिक्त हस्ते उठून गेले, ते पाहावे. विरहाचे दुःख भटोबासांना शेवटपर्यंत होतेच. परंतु दुसऱ्याची तहान जाणण्यात त्या दुःखाचेही सार्थक झाले. अशा आचार्यांस दंडवत प्रणाम.