विश्लेषण : एमएच-३६ मधली ३६ ‘हर्षद’ कशी? देवळालीच्या कापरेकर मास्तरांची गोष्ट

भंडारा जिल्ह्यातल्या गाड्यांच्या नंबर प्लेटवर एमएच-३६ असते. यातल्या ३६ चे अंक मिळवा : ३ + ६ = ९. आता ३६ ला ९ ने भागा. उत्तर ४, बाकी शून्य. आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या अशा संख्येला जगभर ‘हर्षद संख्या’ म्हणतात. हर्षद म्हणजे आनंद देणारी. हे नाव दिले नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळामास्तरांनी.

कोण होते कापरेकर?

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत झाला. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. ठाण्यात शाळा आणि पुण्यात फर्ग्युसन कॉलेज झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये बीएस्सी झाल्यावर पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीतच शिकवत राहिले.

६१७४ ची कमाल काय?

चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा १२३४. हेच अंक वापरून मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करा.

४३२१ − १२३४ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते. कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात वेळांत इथे पोहोचते. कापरेकरांना हे १९४६ मध्ये सापडले. आज ही संख्या ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.

मूळ संख्यांशी संबंध काय?

मूळ संख्येला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. त्यामुळे दहाच्या पुढची एकही मूळ संख्या हर्षद असू शकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या मूळ संख्येत ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. तिच्या अंकांची बेरीज न करताही ती हर्षद नाही, हे खात्रीने सांगता येते.

कापरेकरांना नुसत्या १ या अंकाने बनलेल्या संख्यांचेही वेड होते. १११ चा वर्ग १२३२१. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१. अशा संख्यांची कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनवर सुचली, म्हणून नाव ‘डेम्लो संख्या’. याच एकांच्या रांगेत मूळ संख्याही लपलेल्या आहेत : ११, मग थेट १९ एक आणि २३ एक असलेली संख्या.

मग लोक हसले का?

मूळ संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी मूळच राहते. ६१७४ ची कमाल मात्र आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो म्हणून दिसते. इंग्रज गणिती हार्डी यांनी १९४० मध्ये अशा अंकांच्या गमतींना कोड्यांच्या सदरात बसवले होते. भारतातल्या अनेक गणितज्ञांनीही कापरेकरांचे काम किरकोळ मानले. मोठी नियतकालिके सहसा दारात उभी करत नसत, तेव्हा ते स्वतःच पुस्तिका छापत. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेतल्या.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि सत्तरीतल्या मास्तरांचे नाव जगभर पोहोचले. १९८६ मध्ये देवळालीत त्यांचे निधन झाले. महाकाय मूळ संख्या शोधायला आज ताकदवान संगणक लागतात. कापरेकरांनी वही-पेन्सिलीवर विचारलेले प्रश्न मात्र पाचवीतला मुलगाही आज करून पाहू शकतो.