कॉलिन चॅपमन

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन (१९ मे, इ.स. १९२८ - १६ डिसेंबर, इ.स. १९८२) हे इंग्लिश अभियंते, स्पोर्ट्‌स मोटारींचे रचनाकार आणि लोटस या मोटार कंपनीचे संस्थापक होते. मोटारीचे वजन घटवणे आणि चाके रस्त्याला घट्ट धरून राहतील अशी स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बरची रचना करणे, ही त्यांच्या कामाची दोन मुख्य सूत्रे होत. त्यांच्या संघाने १९६३ ते १९७८ या काळात फॉर्म्युला वन शर्यतींचे उत्पादक विश्वविजेतेपद सात वेळा पटकावले. मात्र त्यांच्या हलक्या मोटारी पुरेशा मजबूत नसतात, हा आक्षेपही याच काळात वारंवार घेतला गेला.

प्रारंभिक जीवन

चॅपमन यांचा जन्म इंग्लंडमधील रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील उत्तर लंडनमध्ये हॉटेल चालवत असत. त्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन येथे स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. तुळया व सांगाडे यांवर भार कसा वाटला जातो, याचे हे ज्ञान पुढे त्यांना मोटारींच्या रचनेत उपयोगी पडले. शिकत असतानाच ते विमान चालवण्यास शिकले आणि जुन्या मोटारींची खरेदी-विक्रीही करू लागले.

या व्यवसायात एक ऑस्टिन सेव्हन मोटार विकली न जाता त्यांच्याकडे राहिली. १९४८ साली त्यांनी ती मोटार मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या आई-वडिलांच्या घरामागील गॅरेजमध्ये खोलली व नव्याने बांधली. हीच पहिली लोटस मोटार होय. १९५२ साली त्यांनी लोटस इंजिनिअरिंग कंपनी स्थापन केली. हेझल यांच्याशी पुढे त्यांचा विवाह झाला.

घरी जोडण्याच्या मोटारी

त्या काळी ब्रिटनमध्ये पूर्ण तयार मोटारीवर खरेदी कर द्यावा लागे. सुट्या भागांवर तो नसे. त्यामुळे लोटसच्या काही मोटारी सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकल्या जात आणि ग्राहक त्या घरच्या गॅरेजमध्ये जोडून घेत. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मोटार होय. बेताच्या उत्पन्नाच्या हौशी माणसालाही त्यामुळे स्पोर्ट्‌स मोटार बाळगणे शक्य झाले. १९७३ साली या मोटारीचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले.

चॅपमन स्ट्रट

अमेरिकन अभियंते अर्ल मॅकफर्सन यांनी गुंडाळीची स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर एकाच उभ्या दांड्यात बसवण्याची रचना केली होती. हा दांडा म्हणजे स्ट्रट केवळ धक्के सोसत नाही, तर चाकाला जागच्या जागी धरूनही ठेवतो. त्यामुळे सुट्या भागांची संख्या व वजन दोन्ही घटतात. भारतात परिचित असलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांनाही अशीच रचना होती.

चॅपमन यांनी हे तत्त्व मागच्या चाकांसाठी वापरले. १९५७ सालच्या लोटस १२ या शर्यतीच्या मोटारीत आणि त्याच वर्षी सादर झालेल्या लोटस एलीट या स्पोर्ट्‌स मोटारीत ही रचना आढळते. चाकाला गती देणारा आस चाकाला आडव्या दिशेने धरून ठेवण्याचेही काम करत असल्याने एक जोडदांडा वाचला. एका भागाकडून दोन कामे करून घेणे हे चॅपमन यांच्या रचनेचे वैशिष्ट्य होते.

शॉकअब्सॉर्बरमधील तेल गळले किंवा स्प्रिंग बसली, की चाक रस्त्यावर उसळू लागते व मोटारीवरील ताबा सुटतो. म्हणून असे भाग बदलताना एका आसावरील दोन्ही बाजूंचे भाग एकत्र बदलले जातात. स्ट्रटमधील स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. ती योग्य साधनाने आवळून धरल्याशिवाय वरची मुख्य चाकी सोडल्यास स्प्रिंग जोराने उसळून गंभीर इजा होऊ शकते. घरी काम करणाऱ्यास ही दक्षता घ्यावीच लागते.

शर्यतींतील कारकीर्द

सांगाडा ताठ असेल तर स्प्रिंगा मऊ ठेवता येतात आणि चाके रस्ता सोडत नाहीत, अशी चॅपमन यांची धारणा होती. १९६२ सालच्या लोटस २५ मध्ये त्यांनी नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याची एकसंध काया वापरली. या मोटारीने जिम क्लार्क १९६३ साली विश्वविजेते झाले. १९६५ साली क्लार्क यांनी दुसऱ्यांदा हे पद मिळवले व इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही जिंकली. १९६७ सालच्या लोटस ४९ मध्ये इंजिनच सांगाड्याचा भाग बनले व मागचे सस्पेन्शन त्यालाच जोडले गेले. लोटस ७८ व ७९ या मोटारींत तळाखालच्या हवेच्या दाबाचा उपयोग करून मोटार रस्त्याकडे खेचली जाई. लोटस ७९ च्या बळावर मारियो आंद्रेत्ती १९७८ साली विश्वविजेते ठरले.

अपघात व टीका

१९६० साली बेल्जियममधील स्पा येथे सरावाच्या वेळी स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे चाक निखळले व त्यांचे दोन्ही पाय मोडले. १९६८ साली जर्मनीतील हॉकेनहाइम येथे क्लार्क यांचा मृत्यू झाला. चॅपमन यांच्यासाठी हा मोठा वैयक्तिक आघात होता. १९६९ साली बार्सिलोना येथे ग्रॅहम हिल व योखेन रिंट या दोघांच्याही मोटारींचे उंच पंख मोडले. मोटारी अधिक भक्कम कराव्यात, असा आग्रह रिंट यांनी धरला होता. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोन्झा येथे सरावादरम्यान रिंट यांचा मृत्यू झाला. पुढच्या ब्रेकचा आस तुटल्याने अपघात झाला, असे मानले जाते. आधी मिळवलेल्या गुणांमुळे त्यांना त्या वर्षीचे विश्वविजेतेपद मरणोत्तर मिळाले.

अखेरचा काळ व वारसा

चॅपमन यांना १९७० साली सीबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. १६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. डिलोरियन मोटार प्रकल्पासाठीचा पैसा गैरमार्गाने वळवला गेल्याचे प्रकरण तेव्हा उघडकीस येत होते. या प्रकरणी लोटसचे वित्तप्रमुख फ्रेड बुशेल यांना १९९२ साली तुरुंगवासाची शिक्षा झाली. चॅपमन यांच्यावर खटला चालण्यापूर्वीच त्यांचा मृत्यू झाला होता.

त्यांच्या हयातीत सुरू झालेले संगणक-नियंत्रित सस्पेन्शनचे काम पुढे फळास आले. १९८७ साली मोनॅको येथे आयर्टन सेना यांनी अशा सस्पेन्शनच्या लोटस ९९टी मोटारीने शर्यत जिंकली. एकसंध काया आणि सांगाड्याचा भाग बनलेले इंजिन या कल्पना आजही शर्यतीच्या मोटारींत वापरल्या जातात.